पाटी कुणी लावली? एलियट ब्लेक प्रकरणाचा अभ्यास

‘रिमोट व्ह्यूइंग’ला मराठीत शब्द शोधायला गेलं की पंचाईत होते. शब्दशः करायचं तर ‘दूरदर्शन’, पण तो शब्द वाहिनीनं केव्हाच पळवला. ‘दूरदृष्टी’ म्हणावं तर ती पुढाऱ्यांकडे असते, निदान त्यांच्या मानपत्रात तरी. उरते ‘दिव्यदृष्टी’. व्यासांनी संजयाला दिलेली, जिच्या जोरावर तो धृतराष्ट्राशेजारी बसून कुरुक्षेत्रावरचं सगळं सांगत होता. एलियट ब्लेकचा दावा नेमका याच शक्तीचा आहे. आपण बंद खोलीत बसायचं, शहराच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला माणूस काय बघतोय ते मनानं ‘बघायचं’ आणि कागदावर काढून दाखवायचं. फरक एवढाच, की संजयाची परीक्षा घ्यायला कुणी जादूगार बोलावला नव्हता.

ब्लेक काल्पनिक आहे. ६ फेब्रुवारी १९८९ रोजी अमेरिकेत एबीसी वाहिनीवर दाखवलेल्या ‘कोलंबो गोज टू द गिलोटिन’ या भागातला तो खलनायक. ‘कोलंबो’ ही लॉस एंजेलिसच्या खून तपास विभागातल्या एका गबाळ्या लेफ्टनंटची मालिका. चुरगळलेला रेनकोट, विझत आलेली सिगार, खटारा गाडी आणि दारापर्यंत जाऊन मागे वळत ‘अजून एकच गोष्ट विचारायची राहिली’ म्हणण्याची खोड. आधी ती एनबीसीवर होती आणि मे १९७८ मध्ये थांबली. जवळपास अकरा वर्षांनी ती दुसऱ्या वाहिनीवर परतली, ती या भागानं. कोलंबोचं काम करणारा पीटर फॉक तेव्हा एकसष्ट वर्षांचा होता. परतीच्या पहिल्याच सामन्यात त्याच्यासमोर भोंदू मनकवडा उभा करावासा लेखकाला वाटला, हा योगायोग नव्हे. का, ते पुढे येईल.

पुढे शेवटासकट सगळं सांगितलं आहे. पण ‘कोलंबो’त खुनी कोण हे गुपित नसतंच. खून आपल्यासमोर होतो, मग कोलंबो येतो, आणि तो खुन्याला कसा पकडतो एवढंच बघायचं असतं. या भागात मात्र एक गंमत आहे. खुनी माहीत असतो, खूनही माहीत असतो, पण खुन्यानं त्याआधी केलेली करामत आपल्यापासून लपवून ठेवलेली असते. म्हणजे एकाच भागात दोन कोडी आहेत. माझ्या मते पहिलं कोडं दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त सुंदर आहे.

आधी घटना नीट मांडू.

अतींद्रिय शक्तींवर संशोधन करणारी एक संस्था आहे. पॉला हॉल ही तिची संचालिका. ब्लेक तिथला हुकमी एक्का, आणि तिचा प्रियकरही. संस्थेच्या आधीच्या चाचण्यांत ब्लेक उत्तीर्ण झाला तो तिच्याच मदतीनं, म्हणजे पेपर फुटलेला होता. आता गुप्तहेर खात्याच्या लोकांना ब्लेकमध्ये रस आहे. शत्रूचा तळ खुर्चीत बसून दिसणार असेल तर कुणाला नको? पण त्यांची एक अट आहे. शेवटची चाचणी संस्थेनं घ्यायची नाही, मॅक्स डायसननं घ्यायची. डायसन जादूगार आहे आणि असल्या बाबाबुवांचं पितळ उघडं पाडणारा म्हणून त्याचा दरारा आहे. पॉलाच्या पायाखालची वाळू सरकते. ब्लेक मात्र शांत.

चाचणी अशी. ब्लेक एका बंद खोलीत, बाहेरच्या जगापासून तोडलेला. काही चालकांना लॉस एंजेलिसच्या नकाशांची पुस्तकं दिलेली. प्रत्येकानं न ठरवता नकाशातली एक जागा निवडायची, गाडीनं तिथे जायचं, समोर जे दिसेल त्याचा फोटो काढायचा आणि त्यावर मन एकाग्र करायचं. तिकडे ब्लेक कागदावर रेघोट्या मारतोय. गाड्या परत येतात, फोटो आणि चित्रं शेजारी ठेवली जातात आणि ती जुळतात. खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात, पॉलाचाही. कारण या वेळी तिनं काहीच केलेलं नव्हतं.

त्याच रात्री ब्लेक डायसनच्या कार्यशाळेत जातो. तिथे दोघांचं जुनं नातं उघड होतं. पूर्वी कधी तरी दोघे युगांडाच्या तुरुंगात एकाच कोठडीत होते. ब्लेक जादू शिकला तो तिथेच, डायसनकडून. मग डायसन सुटला आणि ब्लेक आत सडत राहिला. डायसनची सुटका ही ब्लेकशी केलेली दगाबाजी होती, हे ब्लेकला पुढे कळलेलं आहे. सकाळपर्यंत डायसन त्याच्याच गिलोटिनखाली मरून पडलेला असतो. हे रंगमंचावरच्या खेळाचं यंत्र. खोली आतून बंद. वरवर बघता आत्महत्या: नामांकित जादूगार एका मनकवड्याला खोटा पाडू शकला नाही, ती नामुष्की त्याला सहन झाली नाही, आणि त्यानं जिवाचं बरंवाईट करून घेतलं.

ही मांडणी ब्लेकला दुहेरी फायद्याची. सूडही उगवला आणि डायसनच्या मरणानं ब्लेकच्या शक्तीवर शिक्कामोर्तबही झालं. याहून मोठी पावती कोण देणार?

आता त्या चाचणीकडे जरा जवळून बघू, कारण सगळं प्रकरण तिच्यात आहे.

खोलीत जमलेल्या माणसांनी डोळ्यांत तेल घालून काय पाहिलं? ब्लेकला. त्याचे हात, त्याची पेन्सिल, त्याच्या कपाळावरचा घाम. खोलीत आरसा आहे का, कानात यंत्र आहे का, कुणी खाकरून खुणा करतंय का. संशय घ्यायचा तो सगळा ब्लेकवर घेतला गेला, आणि त्या सगळ्यातून तो स्वच्छ बाहेर पडला, कारण खोलीत तो खरोखरच काही करत नव्हता. करायचं ते होऊन गेलं होतं. चालकांना जागा निवडायला जे साहित्य दिलं, ते डायसननं तयार केलेलं होतं. ‘वाटेल ती जागा निवडा’ म्हटल्यावर चालकांनी निवडल्या त्या आधीच ठरलेल्या जागा. ब्लेकला त्या आधीपासून पाठ होत्या. दिव्यदृष्टीनं काढलेली ती चित्रं म्हणजे घोकून आलेल्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका होती.

जादूगारांच्या धंद्यात याला ‘फोर्स’ म्हणतात. समोरच्याला वाटतं आपण मोकळेपणी निवडलं, आणि हातात येतं ते जादूगारानं ठरवलेलं. पत्त्यांच्या खेळात हे पदोपदी चालतं. सगळी पानं बदाम सत्तीचीच असलेला कॅट हातात दिला, की ‘कुठलंही पान काढा’ म्हणायला छाती लागत नाही. हेच पुस्तकाचं करता येतं: वरून जाडजूड, आत तीच ती पानं. पेनाचंही करता येतं: पेन सुकलेलं असतं, डोळे मिटून कागदावर टेकवलं तरी काही उमटत नाही, आणि डोळे उघडल्यावर जी खूण दिसते ती आधीच करून ठेवलेली असते. माणूस स्वतःच्याच बोटांवर विश्वास ठेवतो आणि फसतो. या युक्त्यांत नजरबंदी वगैरे काही नाही. प्रेक्षकाला वाटतं खेळ अमुक क्षणी सुरू झाला. खरा खेळ त्याच्या बराच आधी संपलेला असतो. एवढं कळलं की निम्मी जादू कळली.

हे लिहिणारा माणूसही माहितगार होता. कथा विल्यम रीड वुडफिल्डची. ‘मिशन इम्पॉसिबल’ या जुन्या मालिकेच्या कितीतरी भागांच्या लेखनात त्याचा हात होता, आणि त्या मालिकेतल्या कितीतरी मोहिमा म्हणजे एखाद्या हुकूमशहाला किंवा गुंडाला भोवतीचं सगळं जग खोटं उभारून फसवणं. त्याआधी तो छायाचित्रकार होता आणि १९६२ साली मेरिलिन मन्रोची गाजलेली छायाचित्रं काढणाऱ्यांपैकी एक. चौकटीत काय घ्यायचं आणि बाहेर काय ठेवायचं हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आता डायसन. या प्रकरणातला सगळ्यात गुंतागुंतीचा माणूस हाच आहे, आणि भागानं त्याला इतक्या लवकर मारून टाकलं, हे मला अजून सलतं.

गोष्ट अशी दिसते, की डायसनला ब्लेकचं देणं फेडायचं होतं. तुरुंगातल्या दग्याचं ओझं डोक्यावर होतं, म्हणून त्यानं ब्लेकला पास करून दिलं. आपला हिशेब चुकता झाला असं त्याला वाटलं. पण हे करताना त्यानं मोडलं काय, तर ज्या एका गोष्टीसाठी सगळे त्याला मान देत होते तीच. गुप्तहेर खात्याच्या लोकांनी संस्थेवर विश्वास ठेवला नाही, शास्त्रज्ञांवर ठेवला नाही, ब्लेकवर तर नाहीच. डायसनवर डोळे मिटून ठेवला. त्याच्यावर नजर ठेवायला कुणी नेमलं नव्हतं. कशाला नेमतील? तोच तर राखणदार. कुंपणानंच शेत खाल्लं.

असा माणूस त्या काळी अमेरिकेत सगळ्यांना माहीत होता: जेम्स रँडी. पेशानं जादूगार, आणि मनकवड्यांच्या मागे हात धुऊन लागलेला. १९७३ साली चमचे वाकवणारा युरी गेलर ‘टुनाइट शो’त येणार होता. सूत्रसंचालक जॉनी कार्सन तरुणपणी स्वतः जादूचे प्रयोग करायचा, त्यामुळे त्याला या धंद्याचा वास येत होता. त्यानं रँडीचा सल्ला घेतला. सल्ला अगदी साधा: चमचे-डबे सगळं साहित्य तुमचं ठेवा, आणि प्रयोगाआधी ते गेलरच्या किंवा त्याच्या माणसांच्या हाती लागू देऊ नका. बस्स. त्या रात्री गेलर वीसेक मिनिटं टेबलासमोर बसून राहिला, आज शक्ती जोरात जाणवत नाही म्हणाला, आणि काहीही झालं नाही. साहित्यावर ताबा नसेल तर शक्तीही नसते. डायसनच्या चाचणीत नेमकं उलट झालं: साहित्य ब्लेकच्या माणसाच्या हाती होतं, फक्त तो ब्लेकचा माणूस आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं.

गुप्तहेर खातं असल्या गोष्टींत पैसा ओततं, हे काल्पनिक वाटेल, पण ते तसं नाही. १९७२ पासून कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये हॅरल्ड पुथॉफ आणि रसेल टार्ग हे दोन पदार्थवैज्ञानिक सीआयएच्या पैशावर हेच प्रयोग करत होते. एक माणूस आत बसायचा, दुसरे गाडीनं अर्ध्या तासाच्या अंतरावरच्या एखाद्या जागी जायचे आणि आतला चित्र काढायचा. ब्लेकच्या चाचणीचा आराखडा सरळ तिथून उचललेला दिसतो. त्यांचा निबंध ऑक्टोबर १९७४ मध्ये ‘नेचर’ या मातब्बर नियतकालिकात छापून आला. संपादकांनी सोबत आपली खळखळ नोंदवली, पण छापला.

मग न्यूझीलंडमधले दोन मानसशास्त्रज्ञ, डेव्हिड मार्क्स आणि रिचर्ड कॅमन, या प्रयोगांच्या मागे लागले. त्यांना जे सापडलं त्यात आरसे, तारा, इशारे असलं काही नव्हतं. आतल्या माणसानं जे बोललं त्याची लेखी नोंद परीक्षकाला दिली जायची, आणि कोणती नोंद कोणत्या जागेची हे परीक्षकानं ओळखायचं. या नोंदींमध्ये तारखा राहून गेल्या होत्या, आधीच्या दिवशीच्या जागांचे उल्लेख राहून गेले होते. जागांची यादीही परीक्षकाला भेटींच्या क्रमानंच दिलेली. मार्क्सनं ती ठिकाणं न बघता, केवळ या खुणांच्या आधारे जोड्या लावून दाखवल्या. १९७८ मध्ये हेही ‘नेचर’मध्येच छापलं गेलं. कुणी मुद्दाम फसवलं असं नव्हे. कागद हाताळण्यात ढिलाई होती, आणि तिलाच सगळे अतींद्रिय शक्ती समजून बसले होते. तरीही हा सरकारी कार्यक्रम नावं बदलत १९९५ पर्यंत चालला आणि त्यावर सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाले. ब्लेक पडद्यावर आला त्या वर्षी खऱ्या जगातले ब्लेक सरकारी पगारावर होते.

पण या प्रकरणाशी सगळ्यात जवळचं नातं आहे ते दुसऱ्याच एका प्रसंगाचं.

१९७९ मध्ये विमान कंपनीवाले जेम्स मॅकडॉनेल यांनी सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाला अतींद्रिय संशोधनासाठी पाच लाख डॉलर दिले. प्रयोगशाळेचे प्रमुख पीटर फिलिप्स, पदार्थवैज्ञानिक. रँडीनं त्यांना पत्र लिहून फसवणूक टाळायची अकरा पथ्यं कळवली आणि मदतीला येण्याची तयारीही दाखवली. मदत घेतली गेली नाही. मग त्यानं स्टीव्ह शॉ आणि मायकेल एडवर्ड्स या दोन पोरांना शक्तिधारी म्हणून तिथे पाठवून दिलं. वय अठरा आणि सतरा. दोघंही हौशी जादूगार. रँडीनं त्यांना एकच नियम घालून दिला होता: कुणी सरळ विचारलं की तुम्ही फसवताय का, तर ताबडतोब खरं सांगायचं.

त्यांची एक करामत बघा. टेबलावर बरेच चमचे ठेवलेले. प्रत्येकाला दोऱ्यानं एक कागदी चिठ्ठी बांधलेली, तिच्यावर क्रमांक. प्रयोगाआधी प्रत्येक चमच्याचा बाक मोजून क्रमांकापुढे लिहून ठेवलेला. पोरं चमचे हाताळायला घेत, चिठ्ठ्या मध्ये येतात म्हणून त्या काढून ठेवत, आणि परत बांधताना दोन चमच्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल करत. झालं. चमचा वाकवायची गरजच नाही. मोजमाप पुन्हा घेतलं की तीन नंबरचा चमचा वाकलेला निघायचा आणि पाच नंबरचा सरळ झालेला. कागदावर चमत्कार तयार. शास्त्रज्ञ चमच्यावर लक्ष ठेवून होते. चिठ्ठीकडे कोण बघतो?

हा खेळ दोनेक वर्षं चालला आणि १९८३ च्या सुरुवातीला रँडीनं तो जाहीर करून टाकला. त्या काळात त्या दोघांना सरळ प्रश्न एकदाही विचारला गेला नव्हता.

ही चिठ्ठी लक्षात ठेवा.

आता कोलंबो. त्याला सुरुवातीपासून आत्महत्या पटत नाही. कार्यशाळेतल्या बारीकसारीक गोष्टी त्याला खटकतात, आणि बंद खोली तर त्याला मुळीच दबकवत नाही. जादूगाराची खोली ‘आतून बंद’ असणं म्हणजे काय? ज्या माणसाचा धंदाच बंद पेटीतून बाहेर पडायचा, त्याच्या खोलीच्या कडीवर किती विसंबायचं?

खरी मजा तपासाच्या दिशेत आहे. कोलंबो शास्त्रज्ञांकडे जातो ते शिष्टाचार म्हणून. शिकायला जातो तो जादूच्या दुकानात, आणि तिथे त्याचा गुरू होतो एक पोरगा. कोवळ्या वयाचा, हातात कमालीची सफाई असलेला. खून तपास विभागाचा पिकलेला अधिकारी त्या पोरासमोर शिष्यासारखा बसतो. इथे फॉकचं काम बघत राहावंसं वाटतं. खोटा अडाणीपणा तो इतर भागांतही करतो, समोरच्या श्रीमंताला गाफील करायला. या पोरासमोर मात्र त्याचं न समजणं खरं वाटतं. त्याला खरोखर कळत नाहीये, आणि कळत नाही हे कबूल करायला त्याला लाज नाही. पाच लाखांच्या प्रयोगशाळेला जे जमलं नाही ते हेच. पोरं त्यांच्यासमोरच बसलेली होती, विचारायचं तेवढं बाकी होतं.

शास्त्रज्ञ मूर्ख असतात असं मला म्हणायचं नाही. त्यांच्या कामात निसर्ग लबाडी करत नाही. पाणी कधी थर्मामीटर बदलून ठेवत नाही. त्यामुळे साहित्यावर संशय घ्यायची सवय त्यांना लागत नाही. पोलिसाला लागते, जादूगाराला लागते, भोंदूला तर लागायलाच हवी. ब्लेकला लागलेली नव्हती, आणि तो तिथेच घसरला.

पण त्याआधी त्याची मोठी चूक. सूडाची आग बाजूला ठेवून हिशेब केला, तर डायसनला मारायची ब्लेकला काही गरज नव्हती. डायसन बोलला असता का? बोलला असता तर काय म्हणाला असता: ‘मी जाणूनबुजून खोटा निकाल दिला’? त्याची उभ्या आयुष्याची पत एका वाक्यात गेली असती. ब्लेकचं गुपित डायसनइतकं सुरक्षित कुणाकडेच नव्हतं. दोघांची मान एकाच दोरीत होती. पॉला हॉल त्यापेक्षा कितीतरी कच्चा दुवा. जिवंत डायसनचं प्रमाणपत्र घेऊन ब्लेक सरकारी खर्चानं आरामात जगला असता, आणि ही चाचणी पुन्हा कुणी उघडलीही नसती. डायसन मेला म्हणून खून तपास विभागाचा माणूस आला, आणि खुनाचं कारण शोधायला त्याला ती चाचणी उघडावी लागली. भोंदूगिरी पचली असती. खुनानं ती वर काढली.

पुढे कोलंबो तीच करामत स्वतः करून दाखवतो. रेनकोटातला हा म्हातारा दिव्यदृष्टीचा चमत्कार करतो तेव्हा हसू येतं, आणि ब्लेकचा पाया तिथेच खचतो. फॉकला स्वतःला एकच डोळा होता; तीन वर्षांचा असताना कर्करोगामुळे उजवा डोळा काढावा लागला होता. त्यानं हे बघणं मला जास्तच गोड लागतं.

तरी खुनाचा पुरावा नाहीच. करामत उघड केल्यानं ब्लेक लबाड ठरतो, खुनी नाही. शेवट होतो कार्यशाळेत, त्याच गिलोटिनसमोर.

यंत्राची रचना लक्षात घ्यायला हवी. माणसाची मान ज्या लाकडी पट्टीत अडकवतात, तिला दोन बाजू आहेत. ती एका प्रकारे बसवली तर पातं खाली येऊनही मान शाबूत राहते. उलटी बसवली तर पातं खरोखर चालतं. कुठली बाजू सुरक्षित, हे पट्टीवर लिहिलेलं आहे. कोलंबो आपली शंका बोलून दाखवतो, अपघाताची शक्यता चाचपून बघू म्हणतो, आणि स्वतः मान द्यायला वाकतो. बसवणार ब्लेक, पातं सोडणारही ब्लेक. खोलीत तिसरं कुणी नाही. चुकून झालं असं म्हणायला वाव आहे. ब्लेक पट्टीवरची अक्षरं वाचतो, सुरक्षित नाही ती बाजू निवडतो आणि पातं सोडतो.

पातं येतं. कोलंबो जिवंत. पट्टीवरच्या खुणा त्यानं आधीच बदलून ठेवल्या होत्या.

सेंट लुइसच्या चमच्यांची चिठ्ठी इथे येऊन बसते. ज्या माणसानं सगळी कारकीर्द दुसऱ्यांच्या हातात तयार साहित्य सरकवून उभी केली, त्याच्या हातात कुणीतरी तयार साहित्य सरकवलं, आणि त्यानं ते तपासलं नाही. त्याला दोन पर्याय दिले गेले, त्यानं आपल्या मर्जीनं एक निवडला, आणि ज्या क्षणी त्याला खेळ आपल्या हाती आला असं वाटलं, तेव्हा तो त्याच्यावर होऊन गेलेला होता. हा शुद्ध ‘फोर्स’ आहे. डायसननं चालकांवर केला होता त्याच जातीचा. वुडफिल्डनं दोन्ही कोडी एकाच युक्तीनं बांधली आहेत, आणि हा भाग पहिल्यांदा बघताना हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

या शेवटावर आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. कुठला पोलीस एका संशयिताच्या हाती आपली मान देईल? खुणा बदलल्या होत्या खऱ्या, पण ब्लेकनं अक्षरं वाचलीच नसती आणि पट्टी सहज हाताला येईल तशी बसवली असती तर? ब्लेकला यंत्राची आतली माहिती डायसनकडूनच असती, आणि अक्षरांऐवजी तो लाकडाकडे बघून ठरवता, तर? कोलंबोची पैज एकाच गोष्टीवर होती: हा माणूस वाचेल आणि विश्वास ठेवेल. १९७६ च्या एका भागात जॅक कॅसिडीनं रंगवलेला जादूगार सान्तिनी टाइपरायटरच्या फितीवर उमटलेल्या अक्षरांनी सापडला होता. तो पुरावा न्यायालयात मांडता येतो. हा नाही. कायद्याच्या नजरेतून इथे सिद्ध होतो तो एका पोलिसाला मारायचा प्रयत्न. डायसनचा खून सिद्ध करायचा तर सरकारी वकिलाला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि बचावाचा वकील पहिल्याच दिवशी विचारेल, की पट्टीवर ‘सुरक्षित’ हा शब्द चुकीच्या बाजूला लिहिला कुणी?